मनगटावर दोनशे मीटर

अभिनंदन! तुम्ही यांत्रिक डायव्हिंग घड्याळ घेतलं आहे; किंवा घ्यायचं पक्कं केलं आहे आणि घरात हा विषय कोणत्या सणाच्या आडोशाने काढावा याचा विचार करताय. ही मार्गदर्शिका दोन्ही अवस्थांतल्या नवशिक्यांसाठी आहे. घड्याळाच्या खोक्यात एक जाडजूड पुस्तिका येते, ती वाचू नये. ती डझनभर भाषांत असते आणि सगळ्या भाषांत तिचा सूर एकच असतो, की पाणी आत गेलंच तर तो तुमचाच हलगर्जीपणा. खास पाण्यासाठी बनवलेल्या वस्तूबद्दल हे वाचून माणूस खचतो.

वस्तूची ओळख

हातात घेताच आधी वजन जाणवतं, मग जाडी. तेरा-चौदा मिलिमीटर जाडीचं घड्याळ शर्टाच्या कफाखाली जात नाही. कफ त्याच्या मागे अडकून बसतो आणि घड्याळ दिवसभर उघडं राहतं. याला दोष समजू नये. झाकूनच ठेवायचं होतं तर एवढे पैसे कशाला घातले असते?

उजव्या कडेला चावी असते. ती नुसती ओढून बाहेर येत नाही, आधी तिचे आटे सोडवावे लागतात. हे आटे पाणी अडवण्यासाठी आहेत. काही जपानी घड्याळांत चावी तीनच्या ऐवजी चारच्या आकड्यापाशी असते, म्हणजे मनगट मागे वाकवलं की ती हातात रुतत नाही. काचेभोवती दात पाडलेली एक गोल कडी असते. दुकानात तिला बेझल म्हणतात. ती एकाच बाजूला फिरते, कट् कट् आवाज करत. उलट बाजूला फिरवून पाहण्याचा प्रयत्न प्रत्येक जण एकदा करतो. मेव्हणे दोनदा करतात.

आत सेल नाही. एक गुंडाळलेली स्प्रिंग आहे, आणि हात हलला की गरगर फिरणारं एक अर्धगोल वजन आहे. हे वजन स्प्रिंगला पीळ देत राहतं. पूर्ण पीळ बसलेली स्प्रिंग साधारण चाळीस तास चालते. म्हणजे शुक्रवारी रात्री दहाला घड्याळ काढून ठेवलं, तर रविवारी जेवून लवंडायच्या सुमाराला ते थांबतं. सोमवारी सकाळी घाईच्या वेळी मालकाला कळतं, की शनिवार-रविवार आपण जसे घालवले तसेच घड्याळानेही घालवले.

आता डायलवरचा तो आकडा. बहुतेक घड्याळांवर २०० मीटर लिहिलेलं असतं. पाण्यात दर दहा मीटरला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे दोनशे मीटरवर, हवेचा दाब सोडून, वीस वातावरणं वर बसलेली असतात. आयएसओ ६४२५ नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. ‘डायव्हर्स’ असं डायलवर छापायचं तर त्यातल्या परीक्षा द्याव्या लागतात: लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाब, मिठाच्या पाण्यात मुक्काम, गरम-थंड पाण्याचे आळीपाळीने फेरे, पट्ट्याला दोन्हीकडून ओढ, आणि मिट्ट काळोखात पंचवीस सेंटिमीटरवरून वेळ दिसणं. दाबाची परीक्षा नमुन्याला एखादं घड्याळ काढून भागत नाही, प्रत्येक घड्याळाला द्यावी लागते. तुमच्या दोनशे मीटरच्या घड्याळाने अडीचशे मीटरचा दाब एकदा सोसलेला आहे. घरात एवढी कसून परीक्षा दुसऱ्या कोणाची झालेली नसते.

माणसाचं काय? हौशी डायव्हरला पहिल्या परवान्यावर अठरा मीटर मिळतात. हौशी डायव्हिंगची वरची मर्यादा चाळीस मीटर मानतात. पाठीवर टाक्या बांधून आजवर सर्वांत खोल गेलेल्यांत अहमद गब्र या इजिप्तच्या माणसाचं नाव घेतात. २०१४ मध्ये तांबड्या समुद्रात दाहाबला तो ३३२.३५ मीटरवर पोहोचला. खाली जायला जेमतेम पाव तास लागला, वर यायला मात्र जवळजवळ चौदा तास. यावरून पाहिलं तर बाजारात सहाशे आणि हजार मीटरची घड्याळं कोणासाठी विकतात हा प्रश्न सुज्ञ वाचकाला पडेल. पडू द्यावा. उत्तर दुकानात विचारू नये.

आपल्याकडे तारकर्लीला एमटीडीसीने स्कूबा शिकवणारी संस्थाच काढली आहे, आणि मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना हात धरून पाण्याखाली फिरवून आणतात. ती खोली दोन-चार पुरुष. गोव्याच्या ग्रँड आयलंडपाशीही फार वेगळं नाही. बाकी उरलेल्या वर्षात तुमच्या घड्याळाला भेटणारं सर्वांत खोल पाणी म्हणजे बादली.

लाज वाटल्यास वाचावं असं प्रकरण

नवशिक्याला पहिल्या महिन्यात हमखास एक शरम गाठते. आपण समुद्राच्या तळाचं घड्याळ घालून विम्याचे हप्ते भरतोय, मग आपण ढोंगी आहोत का? अशा वेळी या घड्याळांचा इतिहास नीट पाहावा. कंपन्या तो फार अभिमानाने सांगतात, पण सांगताना एका गोष्टीवरून भरभर पुढे जातात.

मर्सिडीज ग्लाइट्झ ही लंडनमधली टायपिस्ट. ७ ऑक्टोबर १९२७ ला तिने इंग्लिश खाडी पोहून पार केली; असं करणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. पण चारच दिवसांत दुसऱ्या एका बाईने आपण त्याहून कमी वेळात पोहल्याची थाप मारली, नंतर ती थाप असल्याचं कबूलही केलं, आणि या सगळ्या गोंधळात संशयाचे शिंतोडे ग्लाइट्झवरही उडाले. तिने पुन्हा पोहून दाखवायचं ठरवलं. २१ ऑक्टोबरला ती उतरली तेव्हा रोलेक्सच्या हान्स विल्सडॉर्फने नवं ऑयस्टर घड्याळ तिला देऊ केलं होतं. पाणी गोठवणारं होतं. दहा तासांहून जास्त पोहल्यावर तिला अर्धवट शुद्धीत बाहेर काढावं लागलं. किनारा गाठला गेला नाही. घड्याळ मात्र ठणठणीत चालू होतं. महिन्याभराने, २४ नोव्हेंबरला, डेली मेलच्या पहिल्या पानावर रोलेक्सची भलीमोठी जाहिरात झळकली. अपुऱ्या राहिलेल्या पोहण्यावर एवढी मोठी इमारत उभी राहिली, आणि आता तपशील पाहा: घड्याळ तिच्या गळ्यात अडकवलेलं होतं. मनगटावर नव्हतं.

पुढे १९६०. २३ जानेवारीला जाक पिकार्ड आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्त’ नावाच्या यानात बसून पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेच्या तळाशी गेले. जवळजवळ अकरा किलोमीटर खोल, जिथे चौरस सेंटिमीटरवर टनाहून जास्त भार पडतो. रोलेक्सने त्यासाठी खास घड्याळ बनवलं होतं. त्याची काच म्हणजे भिंगाचा अर्धा गोळाच. वर आल्यावर ते चालू होतं, आणि स्वित्झर्लंडला तशी तारही गेली. हे घड्याळ होतं कुठे? यानाच्या बाहेर बांधलेलं. माणसं आत कोरडी.

२०१२ मध्ये सिनेमावाला जेम्स कॅमेरॉन एकटा त्याच गर्तेत उतरला. त्याच्याबरोबर गेलेलं खास रोलेक्स यानाच्या यांत्रिक हातावर होतं. २०१९ मध्ये व्हिक्टर व्हेस्कोव्हो उतरला तेव्हा पाळी ओमेगाची होती. पुन्हा यांत्रिक हात, पुन्हा यानाची बाहेरची बाजू.

म्हणजे डायव्हिंगच्या घड्याळांनी मारलेल्या सर्वांत खोल बुड्यांत मनगटाचा काही संबंधच नव्हता. माणूस आत सुरक्षित बसलेला, घड्याळ बाहेर त्याच्या वतीने मार खाणारं. हाच करार तुम्ही केला आहे. फरक असेल तर तुमचं यान एखाद्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे इतकाच. शरम वाटायचं कारण नाही. परंपरा अस्सल आहे.

कडी: एकमेव उपयुक्त भाग

खऱ्याखुऱ्या मनगटांचाही एक इतिहास आहे, तो कडीपासून सुरू होतो. कूस्तो आणि गान्याँ यांनी १९४३ मध्ये पाण्याखाली श्वास घ्यायचं सुटसुटीत यंत्र बनवलं आणि माणसं माशांसारखी मोकळी खाली हिंडू लागली. खाली हिंडताना दोन गोष्टी संपत जातात, टाकीतली हवा आणि मुभा. मुभा म्हणजे काय, तर दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात मुरत जातो. जितकं खोल आणि जितका वेळ, तितका जास्त. भलत्या वेगाने वर आलं की तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, आणि ते सांध्यांत किंवा मज्जारज्जूत अडकले तर माणूस जायबंदी होतो. म्हणून डायव्हर तक्ते पाहतात. हौशींसाठीच्या एका सर्वज्ञात तक्त्यात अठरा मीटरवर ५६ मिनिटं आहेत, तीस मीटरवर फक्त २०. त्यामुळे पाण्याखाली ‘किती वाजले’ याला काडीची किंमत नसते. ‘उतरून किती वेळ झाला’ एवढंच विचारायचं असतं.

ब्लँपां कंपनीचा मुख्य ज्याँ-जाक फिश्टर स्वतः डायव्हर होता, आणि पाण्याखाली वेळेचं भान सुटून हवा संपण्याचा अनुभव त्याने घेतला होता. त्याच सुमारास फ्रेंच नौदलाचे लढवय्ये पाणबुडे, बॉब मालूबिए आणि क्लोद रिफो, आपल्या तुकडीसाठी घड्याळ शोधत होते: काळी डायल, ठसठशीत आकडे, चमकणाऱ्या खुणा, फिरणारी कडी. १९५३ मध्ये ‘फिफ्टी फॅदम्स’ आलं. पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. रोलेक्सचं सबमरीनरही त्याच काळातलं. १९५६ च्या कूस्तोच्या समुद्रपटात ब्लँपां पाण्याखाली दिसलं आणि मग शहरातल्या, कधीही पाण्यात न उतरणाऱ्या लोकांना ते हवंहवंसं वाटू लागलं. आपला पंथ तेव्हापासूनचा.

कडी वापरायची पद्धत अशी. काम सुरू करताना कडीवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणावा. नंतर मिनिटकाटा कडीवरच्या ज्या आकड्यासमोर दिसेल तितकी मिनिटं झाली. संपलं. बटण नाही, पासवर्ड नाही, चार्जिंग नाही. सुरुवातीच्या बऱ्याच घड्याळांत कडी दोन्हीकडे फिरायची. मग ध्यानात आलं, की खडकाला घासून ती चुकून पुढे सरकली तर घड्याळ कमी मिनिटं दाखवणार, आणि डायव्हर निवांत खाली राहणार. म्हणून ती फक्त काट्यांच्या उलट दिशेने फिरवण्याची पद्धत पडली. आता धक्का लागला तरी झालेला वेळ जास्तच दिसतो. माणूस चुकलाच तर लवकर वर येतो. चूक होणारच हे गृहीत धरून ती चांगल्या बाजूला ढकलणारी वस्तू आपल्याकडे फार थोडी. माझ्या मते या घड्याळातली सर्वांत हुशार गोष्ट हीच, आणि ती फिरवायला हुशारी लागत नाही.

जमिनीवर या कडीचे उपयोग असंख्य आहेत. पहिली शिट्टी झाल्यावर गॅस बारीक करून डाळ किती मिनिटं ठेवली. मुलाने ‘पाच मिनिटांत येतो’ म्हटल्यावर प्रत्यक्षात किती झाली. इस्त्रीवाल्याचं ‘आत्ता देतो’. सोसायटीच्या वार्षिक सभेत अध्यक्ष दोन शब्द बोलायला उभे राहिले की त्रिकोण लावावा, आणि वीस मिनिटं झाली की मनगट जरा उंच धरून घड्याळाकडे पाहावं. हे घड्याळ लांबूनही दिसतं हा त्याचा गुण इथे कामी येतो. (कड्यांवर पहिली पंधरा-वीस मिनिटं एकेका रेघेने दाखवलेली असतात, भाषणाला ती अपुरी पडतात.) कडी साठ मिनिटांचीच असल्यामुळे तासाच्या पुढची हिशेबठेव तुमच्या डोक्याने करायची आहे. नाटकाला लावू नये.

खऱ्या डायव्हरांनी मात्र कडी सोडून दिली आहे. १९८० च्या दशकात मनगटावर मावणारे डायव्ह कॉम्प्युटर येऊ लागले आणि खोली, वेळ, नायट्रोजन सगळं ते मोजू लागले. आज समुद्रात यांत्रिक घड्याळ हा फार तर दुसरा आधार. म्हणजे स्वयंपाकघर हेच कडीचं आजचं मुख्य कार्यक्षेत्र आहे, असं म्हणायला हरकत नाही. म्हणणारे लोक फारसे भेटत नाहीत.

वेळ

आता एक अप्रिय गोष्ट. हे घड्याळ वेळ चुकीची दाखवतं.

थोडीच. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. साधं ऑटोमॅटिक दहा-वीस सेकंद इकडे तिकडे करतं. प्रमाणपत्र मिळालेल्या स्विस क्रोनोमीटरलाही रोज चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे इतकी सूट आहे. शाळेत असे मार्क पडले असते तर पेढे वाटले असते. पण रस्त्यावर मिळणारं क्वार्ट्ज घड्याळ महिन्याला जेवढं चुकतं तेवढं तुमचं एकदोन दिवसांत चुकतं, हे मान्य करावं लागतं. क्वार्ट्जचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, तुमचं चाक सहा किंवा आठ ठोके देतं. सिकोने २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत पहिलं क्वार्ट्ज मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडमधले घड्याळांचे निम्म्याहून जास्त रोजगार गेले. आपण ज्या बाजूने उभे आहोत ती बाजू हरलेली आहे, हे नवशिक्याला सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

हरलेल्या बाजूची मजा वेगळी. घड्याळ रात्री कसं ठेवलं यावरही त्याची चाल बदलते: डायल वर करून, चावी खाली करून, चावी वर करून. गुरुत्वाकर्षण चाकावर वेगवेगळ्या बाजूने ओढ लावतं म्हणून. आपलं घड्याळ कोणत्या कुशीवर पुढे जातं आणि कोणत्या कुशीवर मागे राहतं हे दोन आठवडे लक्ष ठेवलं तर समजतं. मग दिवसा कमावलेली सेकंदं रात्री गमावून सकाळी हिशेब चुकता करता येतो. हे साधल्यावर कोणाला सांगायला जाऊ नये. माणसं सहानुभूतीने बघतात.

घड्याळ अचानक रोज कित्येक मिनिटं पुढे पळू लागलं तर घाबरू नये, त्याला चुंबक लागला आहे. आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि चाक घाई करू लागतं. स्पीकर, टॅबलेटचं कव्हर, पर्सचं बटण, फ्रीजवर लावलेला गणपती, यांपैकी कोणीतरी जबाबदार असतो. दुरुस्तीवाल्याकडे चुंबक उतरवायचं छोटं यंत्र असतं, काम क्षणात होतं.

तारीख रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात चावीने बदलू नये. त्या वेळात आतले दाते तारीख सरकवायच्या कामात असतात आणि मध्ये हात घातला की मोडतात.

पीळ देण्याबद्दल. टेबलावर बसून काम करणाऱ्याचा हात पुरेसा हलत नाही. पोळ्या लाटणं उत्तम, मात्र कणीक पट्ट्यात जाते. गणपतीत रोज दोन वेळा आरतीला टाळ्या वाजवल्या तर चांगला पीळ बसतो; झांज हातात असेल तर घड्याळ काढून ठेवावं, ठोके यंत्रालाही बसतात. सिकोचं १९९६ चं एसकेएक्स००७ हे हजारो नवशिक्यांचं पहिलं घड्याळ. त्याला तर चावीने पीळ देताही येत नव्हता. आडवं धरून हलवायचं, बस. लोकांनी ते वर्षानुवर्षं प्रेमाने हलवलं.

पाणी

शेवटी इथे यावं लागतंच.

आंघोळीला घालू नये. दोनशे मीटरच्या समुद्राला न घाबरणारं घड्याळ साबणाला आणि गरम वाफेला घाबरतं, कारण पाणी अडवतात त्या रबरी रिंगा. उष्णतेने आणि साबणाने त्या लवकर कडक होतात. त्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात आणि बदलल्यावर दाबाची चाचणी करून घ्यावी. डायलवरचा २०० हा आकडा जन्माच्या वेळचा आहे.

चावी बंद आहे ना, हे पाण्यात जायच्या आधी बघावं. पाण्यात गेल्यावर बघू नये.

पावसाळ्यात भिजायला हरकत नाही. धुळवडीला रंगाचं पाणी पोलादाला काही करत नाही, कडीच्या खाली मात्र गुलालाचा थर बसतो आणि कट् कट् आवाज मऊ होतो. जुन्या टूथब्रशने कोमट पाण्यात साफ करावं. विसर्जनाला कंबरभर पाण्यात उतरणारे असाल तर तो तुमच्या घड्याळाचा वर्षातला एकमेव सागरी दिवस. घरी आल्याबरोबर ते गोड्या पाण्याखाली धुवावं, कडी फिरवत. खारं पाणी सुकलं की मीठ उरतं आणि कडी अडकते. हा नियम मालवणलाही लागू.

आता डाव्या अंगाला, दहाच्या आकड्यापाशी, एक छोटं झाकण किंवा दुसरी चावी असेल तर खोट्या अभिमानात राहू नये. तो हेलियम सोडायचा व्हॉल्व्ह आहे आणि त्याचा पाण्याशी संबंध नाही. खोल समुद्रात तेलाच्या पाइपलाइनवर काम करणारे डायव्हर रोज वर-खाली करत नाहीत. कामाचे आठवडेच्या आठवडे ते दाबाखालच्या कोरड्या खोलीत राहतात आणि हेलियम मिसळलेल्या हवेत श्वास घेतात. हेलियमचा अणू इतका बारीक, की तो घड्याळाच्या रिंगांतून आत शिरतो. मुक्काम संपला, दाब हळूहळू उतरवला, की आतला हेलियम बाहेर पडायला धडपडतो आणि काच टप्कन उडते. १९६७ मध्ये रोलेक्सने सी-ड्वेलरला त्यासाठी झडप बसवली. मुंबईपासून दीडेकशे किलोमीटरवर, बॉम्बे हायच्या पाऊणशे मीटर पाण्याखाली असं काम करणारी माणसं आहेत, त्यांना तिचा उपयोग होऊ शकतो. तुम्ही ती उघडू नये. उघडून आत काही जाणारही नाही आणि बाहेर काही येणारही नाही, पण उघडताना बायकोने पाहिलं तर समजावून सांगायला वरचा परिच्छेद पाठ असावा लागतो.

पट्टा

थोडक्यात. रबरी पट्ट्याला एकॉर्डियनसारख्या वळ्या असतील तर त्या शोभेच्या नाहीत. खोल पाण्यात दाबाने डायव्हरचा जाड रबरी पोशाख चेपतो, मनगट बारीक होतं आणि पट्टा सैल पडतो. वळ्या तो फरक भरून काढतात. तुमच्या बाबतीत त्या पुण्याच्या उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ फुगणारं मनगट सांभाळतात. नायलॉनचा एकसंध पट्टा ब्रिटिश लष्कराच्या १९७३ च्या एका मानकातून आला. एक पिन तुटली तरी घड्याळ मनगटाला लटकून राहतं. ‘गोल्डफिंगर’मध्ये शॉन कॉनरीच्या सबमरीनरला पट्ट्यापट्ट्यांचा नायलॉनचा पट्टा आहे आणि तो घड्याळाच्या मापाला चक्क अरुंद आहे. जगातल्या सर्वांत ऐटबाज माणसाचा पट्टा मापाचा नव्हता, तेव्हा तुम्हीही फार मनावर घेऊ नये. चामड्याचा पट्टा लावू नये. का, ते पहिल्या पावसात नाकाला कळतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न ग्राहक विचारत नाहीत, नातेवाईक विचारतात.

‘मोबाइलमध्ये वेळ दिसत नाही का?’ दिसते, आणि जास्त बरोबर दिसते. वाद घालू नये.

‘किती पडले?’ खरा आकडा सांगू नये, खोटाही सांगू नये. ‘ऑफर होती’ एवढंच म्हणावं. पुढे ‘म्हणजे किती?’ आलं, तर चहा टाकायला उठावं आणि कडी लावावी.

‘ही गुंतवणूक आहे ना?’ हा प्रश्न फार वेळा मालकच स्वतःला विचारतो. दोन-चार नामांकित मॉडेलं सोडली तर नाही. बाकीच्या घड्याळांची किंमत दुकानाच्या पायऱ्या उतरतानाच उतरते. मुलाला वारसा म्हणून ठेवायचं असल्यास आधी मुलाला विचारावं. त्याला पावलं मोजणारं हवं असतं.

‘तुला पोहता येतं का?’ येत नसेल तर शिकावं. इतकी पूर्वतयारी झालीच आहे.

‘यापेक्षा आमचं एचएमटी काय वाईट?’ हा प्रश्न सासरे विचारतात आणि याला उत्तर नाही. बंगळूरला १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनबरोबर सुरू झालेला तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, पण त्यांचं ‘जनता’ रोज सकाळी वीस-पंचवीस फेरे चावी देऊन अजून चालतं. त्याला पाणी चालत नाही, अंधारात ते दिसत नाही, कडी नाही. ते पातळ आहे आणि कफाखाली जातं. सासऱ्यांचं घड्याळ हातात घ्यावं, कानाला लावावं आणि ‘छान चाललंय, दादा’ म्हणावं. ते मनापासून म्हणायला अडचण येत नाही.

‘सेल बदलू का?’ हे कोपऱ्यावरचा घड्याळवाला विचारतो, डोळ्याला भिंग लावायच्या आधीच. यात सेल नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलतो. पन्नाशीच्या पुढचा असेल तर नक्कीच. ‘ऑटोमॅटिक? द्या बघू.’ मागचं झाकण तिथल्या तिथे उघडू देऊ नये, दाबाची चाचणी करायचं यंत्र असेल तिथेच उघडावं. पण त्याच्याशी बोलावं. तुमच्या घड्याळात रस असलेला, आणि किंमत न विचारणारा, परिचयातला तो एकटाच माणूस असण्याची शक्यता आहे.

‘दुसरं कधी घ्यावं?’ हा प्रश्न साधारण सहाव्या महिन्यात येतो, निळ्या डायलच्या रूपाने. दोन ऑटोमॅटिक घड्याळं असली की त्यांतलं एक कायम बंद असतं, आणि तेच नेमकं घालायची इच्छा होते. रोज सकाळी वेळ लावा, तारीख लावा, आटे बसवा. ती दोन्ही चालू ठेवायला रात्रभर फिरत राहणारी विजेवरची पेटी मिळते. म्हणजे विजेशिवाय चालणाऱ्या घड्याळाला वीज लागू लागते. म्हणून दुसरं घेताना क्वार्ट्जचं डायव्हिंग घड्याळ घ्यावं. तेही दोनशे मीटरचं मिळतं, कडी तशीच असते, वेळ बरोबर असते आणि किंमत कितीतरी कमी. मात्र हे आपल्या ओळखीतल्या यांत्रिकवाल्यांपाशी बोलू नये, आणि तारखेला नीट लक्ष द्यावं: तीस दिवसांचा महिना त्यालाही कळत नाही.